उपग्रह वरून सगळं बघतो, हा समज

जुलैत लोकल बंद पडल्या की कल्याण-डोंबिवलीत हमखास ऐकू येतं, "एवढे उपग्रह सोडले, मग आपल्याकडे आज किती पडणार ते का सांगता येत नाही?" राग समजण्यासारखा आहे. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी सोडवावं लागलं. पण उपग्रह म्हणजे सगळं बघणारा एकच डोळा, ही समजूत चुकीची आहे. कोण किती उंचीवर फिरतो आणि कोणतं उपकरण नेतो, यावर त्याचं काम ठरतं.

हवामानाचे इन्सॅट-3डीआर आणि इन्सॅट-3डीएस विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर आहेत. पृथ्वीच्या फिरण्याशी त्यांची गती जुळलेली असल्याने ते एकाच जागी दिसतात आणि दिवसरात्र चित्रं पाठवतात. अरबी समुद्रातलं चक्रीवादळ कुठे वळतंय हे सांगण्यात त्यांना तोड नाही. मात्र रात्री उपयोगी पडणाऱ्या त्यांच्या अवरक्त चित्रातला एक ठिपका साधारण 4 किलोमीटरचा असतो. डोंबिवली ते कल्याण रेल्वेने सुमारे 6 किलोमीटर. म्हणजे दोन्ही स्टेशनं जेमतेम एक-दोन ठिपक्यांच्या अंतरावर. शिवाय दिसतो तो ढगाचा माथा. खाली किती कोसळतंय याचा त्यावरून अंदाजच बांधावा लागतो.

टीव्हीचे उपग्रहही त्याच उंचीवर असतात, म्हणून गच्चीवरच्या डिश एकदा दक्षिण-आग्नेयेकडे वळवल्या की हलवाव्या लागत नाहीत. मुसळधार पावसात चित्र जातं, तेव्हा उपग्रह बिघडलेला नसतो. त्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात.

"जीपीएसला कळतं मी कुठे आहे" हेही खरं नाही. सुमारे 20,200 किलोमीटरवरचे ते उपग्रह फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. निदान चार उपग्रहांचे संकेत पकडून हिशेब करतो तो आपला फोन. पारसिकच्या बोगद्यात एक्सप्रेस शिरली की हे संकेत तुटतात. आणि नेहमीचं मोबाइलवरचं बोलणं टॉवर आणि फायबरमधून जातं, उपग्रहातून नाही.

सर्वात मोठी भीती "वरून आपल्यावर सतत नजर आहे" ही. इस्रोचा कार्टोसॅट-3 (2019) सुमारे 500 किलोमीटरवरून 25 सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो. त्यात मोटार ओळखता येते, चेहरा नाही. शिवाय तो सेकंदाला सातेक किलोमीटर वेगाने जातो, त्यामुळे आख्खा ठाणे जिल्हा काही सेकंदांत मागे पडतो. नकाशाच्या ॲपवरची छायाचित्रं तर अनेकदा महिने-वर्षं जुनी असतात. नव्या संकुलात लोक राहायला आले तरी तिथे मोकळं रान दिसतं, ते यामुळेच.

पुरासाठी खरा उपयोगी प्रकार रडार उपग्रहांचा. फेब्रुवारी 2022 मध्ये सोडलेला ईओएस-04 ढगांतून आणि अंधारातही जमीन पाहतो. साचलेलं शांत पाणी त्याच्या चित्रात काळं उमटतं. पूररेषा आखायला, खाडीकाठच्या खारफुटीवर लक्ष ठेवायला असं चित्र मोलाचं आहे. पण तोही सतत आपल्या डोक्यावर नसतो.

म्हणून पुढच्या दोन-तीन तासांतल्या पावसासाठी उपग्रहाचं चित्र पुढे पाठवत बसू नका. हवामान खात्याच्या कुलाबा आणि वेरावली इथल्या डॉप्लर रडारची चित्रं संकेतस्थळावर सर्वांना खुली आहेत. ती बघा, आणि नदीकाठी राहत असाल तर प्रशासनाचा इशारा येताच घर सोडा.