केमोथेरपी, फ्री रॅडिकल्स आणि आपली रसायन औषधे

पाटण तालुक्यातील कोयनेच्या खोऱ्यात आढळणारा नरक्या आपणा सर्वांस परिचित आहे. त्यातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य मूळचे नंदुरबारचे डॉ. मनसुख वाणी आणि डॉ. मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षातून प्रथम वेगळे केले. पुढे ते नरक्यातही सापडले. त्याच द्रव्यापासून इरिनोटेकॅन हे केमोथेरपीचे औषध सिद्ध झाले. शरीरात त्याचे एसएन-३८ मध्ये रूपांतर होते आणि पेशीनाशाचे मुख्य कार्य हा पदार्थच करतो. औषध शरीरात गेल्यावर त्याचे काय होते, हे जाणणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

स्तनाच्या कर्करोगात पुष्कळदा दिली जाणारी दोन औषधे पाहू. सायक्लोफॉस्फामाइडचे यकृतात विघटन होऊन कर्करोगनाशक फॉस्फोरामाइड मस्टर्ड आणि दाहक ॲक्रोलिन निर्माण होतात. ॲक्रोलिन पेशींतील ग्लुटाथायोनचा साठा खर्ची घालते आणि मूत्राशयास इजा करते. डॉक्सोरुबिसिन पेशीत एक इलेक्ट्रॉन स्वीकारून तो प्राणवायूस देते. त्यातून सुपरऑक्साइड आणि लोहाच्या सान्निध्यात अतितीव्र हायड्रॉक्सिल फ्री रॅडिकल उत्पन्न होतात. हृदयाच्या स्नायूंची हानी होण्यात यांचा वाटा मोठा आहे. परंतु कर्करोगाच्या पेशी मारण्यातही त्यांचा काही हातभार लागतो.

खरा पेच येथेच आहे. दोन चक्रांमधील काळात अशक्त झालेला रुग्ण आपल्याकडे येतो आणि 'ताकदीचे काही द्या' म्हणतो. आपण सद्भावनेने दिलेले अँटिऑक्सिडंट निरोगी पेशीस आधार देईल, तसेच रोगपेशीसही संरक्षण देऊ शकेल. अमेरिकेत स्तनकर्करोगाच्या १,१३४ रुग्णांची पाहणी २०२० च्या सुमारास प्रसिद्ध झाली. केमोथेरपीपूर्वी व ती चालू असताना अँटिऑक्सिडंट पूरके घेणाऱ्यांत रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक दिसले. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर निर्णायक नव्हता, ती पूरकेही आपली रसायने नव्हती. तथापि सावध होण्यास एवढा इशारा पुरेसा आहे.

दुसरा प्रश्न योगवाही द्रव्यांचा. पिप्पली व मरिच यांतील पायपरिन यकृत-आतड्यांतील चयापचयाच्या काही क्रिया मंदावते. १९९८ च्या प्रयोगात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर मानवी रक्तातील कर्क्युमिनचे शोषण अनेक पटींनी वाढले. हाच गुण केमोथेरपीच्या औषधाची मात्रा रक्तात अनपेक्षितपणे वाढवू शकेल. त्रिकटुयुक्त योग देण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

म्हणून आमची वैद्यबंधुभगिनींस व औषधालयचालकांस विनंती आहे की, केमोथेरपी चालू असताना रुग्णाचा कागद पाहून औषधाचे नाव व पुढील तारीख नोंदवावी. कर्करोगतज्ज्ञांस कळविल्याशिवाय रसायन देऊ नये. उपचार पूर्ण झाल्यावर त्यांच्याशी विचारविनिमय करून बलवर्धनाचा विचार करावा. ताप आल्यास काढा देऊन वाट पाहू नये, कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या अवस्थेत काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो. डोंगरवाडीतील रुग्णास रुग्णालय दूर आणि वैद्य जवळ असतो. ही जवळीक आपली जबाबदारी वाढविते.