विमानतळावरची हुंडणावळ

परदेशी जाणारा माणूस पारपत्र, तिकीट, औषधे आणि मुलीकडे न्यायची भाजणी यांची तजवीज महिनाभर आधीपासून करीत असतो. परंतु ज्या रोकडीवाचून परमुलखात टॅक्सीत बसणेही कठीण, तिची खरेदी मात्र तो विमान सुटण्यास दोन-अडीच तास उरले असता, उभ्या-उभ्या, विमानतळावर पहिल्यांदा दिसेल त्या खिडकीपाशी उरकतो. त्या खिडकीवर बहुधा ‘कमिशन नाही’ अशी ठळक पाटी असते, आणि ती पाटी खोटीही नसते. पेढी कमिशन खरोखरच घेत नाही. तिचा नफा दरफलकावरील दोन स्तंभांच्या मधल्या अंतरात असतो, आणि त्या अंतराला कोणी पाटी लावीत नाही.

एका स्तंभात पेढी आपल्याकडून ज्या भावाने चलन घेते तो भाव असतो, दुसऱ्यात ती ज्या भावाने देते तो. आणि खरा बाजारभाव या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतो, पण फलकावर नसतो. डॉलर, पौंड, युरो आणि येन यांचे संदर्भदर आपल्याकडे कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर होतात व भ्रमणध्वनीवर क्षणात पाहता येतात. ते पाहिल्यावाचून खिडकीपाशी जाणे म्हणजे मंडईचा भाव न विचारता भाजी घेण्यासारखे आहे. हिशेबापुरते धरून चालू की बाजारभाव डॉलरला 90 रुपये आहे, आणि खिडकीवर विक्री 97 ने व खरेदी 83 ने चालू आहे. आपण 500 डॉलर घेतले, त्यांचे 48,500 रुपये दिले, आणि उरलेले 200 डॉलर परतीच्या वाटेवर त्याच खिडकीत विकले, तर जाताना 3,500 आणि येताना 1,400 मिळून 4,900 रुपये या अंतरात जिरले. पावतीवर वस्तू व सेवा कर म्हणून दिसणारी रक्कम, प्रचलित पद्धतीने, पहिल्या व्यवहारावर सुमारे 87 रुपये. प्रवासी कुरकूर करतो ती या 87 रुपयांबद्दल, कारण ते छापलेले असतात.

यात पेढीवाल्याची लबाडी पाहणे मात्र अन्यायाचे होईल. विमानतळावरील जागा मक्त्याने दिल्या जातात. मक्तेदाराला किमान रकमेची हमी आणि उलाढालीतील हिस्सा भरावा लागतो, रात्रंदिवस गुमास्ते बसवावे लागतात, आणि अनेक देशांच्या नोटांचा साठा, त्यातील कित्येक नोटांना दिवसेंदिवस गिऱ्हाईक नसले तरी, विमा उतरवून तिजोरीत सांभाळावा लागतो. शिवाय समोरचे गिऱ्हाईक घाईत असते व त्याला दुसरे दुकान उपलब्ध नसते. अशा स्थितीत भाव चढा नसता तरच नवल.

उपाय मग एवढाच की विमानतळ हे सौद्याचे स्थळ न ठेवता, फार तर ताबा घेण्याचे स्थळ ठेवावे. साठ-सत्तरच्या दशकांत भारतीय प्रवाशाच्या हाती आठ डॉलर टेकवून सरकार त्याला जगाच्या प्रवासाला धाडीत असे. आज 1999 च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली बहुतेक देशांसाठी एका सफरीला 3,000 डॉलरपर्यंतच्या नोटा मिळतात, त्यावरील रक्कम कार्डावर भरून नेता येते, आणि ही खरेदी प्रस्थानापूर्वी 60 दिवसांपर्यंत करता येते. म्हणजे घाई करण्याचे कायदेशीर कारण उरलेले नाही. मुंबईच्या फोर्ट भागातील परवानाधारक पेढ्या, आपली नेहमीची बँक आणि घरपोच चलन देणारे विक्रेते अशा तिघांना एकाच दिवशी, एकाच तासाला विचारावे. आणि प्रश्न ‘भाव काय?’ असा न करता, ‘500 डॉलर माझ्या हातात पडेपर्यंत सर्व आकार धरून एकूण किती रुपये द्यावे लागतील?’ असा करावा, कारण या प्रश्नाला मधल्या अंतरात लपता येत नाही. रक्कम मोठी असेल तर घासाघीसही चालते. खरेदी 50,000 रुपयांच्या घरात गेली की रोख चालत नाही, धनादेश किंवा बँकेमार्फत भरणा करावा लागतो, आणि पारपत्र, पॅन व तिकीट जवळ असावे लागते. काही पेढ्या आधी भाव ठरवून विमानतळावर चलन हाती देतात. ज्याला घरी रोकड ठेवण्याचे भय वाटते त्याने हा मार्ग पत्करावा.

दुबईला जाणाऱ्याला एक सोय अशी आहे की तेथील दिरहम 1997 पासून डॉलरला 3.6725 या भावाशी बांधलेला आहे. विमानतळावरच्या खिडकीने डॉलरला 3.45 दिरहम देऊ केले तर शेकडा सहा गेले, हे तोंडी हिशेबानेही कळते.

बँकॉकचा दाखला याहून बोधप्रद आहे. थाई बाट आपल्याकडे तुलनेने कमी विकला जातो, म्हणून त्याचे मधले अंतर मोठे; त्यामुळे अनुभवी प्रवासी भारतातून डॉलर नेऊन तेथे बाट घेतात, आणि चलन दोनदा बदलूनही पुष्कळदा फायद्यात राहतात. तिथल्या सुवर्णभूमी विमानतळावर आगमनाच्या मजल्यावर बँकांच्या खिडक्या ओळीने मांडलेल्या आहेत. परंतु सरकत्या जिन्याने तळघरात, शहराकडे जाणाऱ्या रेल्वेच्या स्थानकापाशी उतरले की खासगी पेढ्यांचा एक लहानसा बाजारच लागतो, आणि त्याच इमारतीत, अवघे काही मजले खाली, भाव ठळकपणे सुधारतो. मध्यरात्रीनंतर उतरणाऱ्याला त्या उघड्या सापडतीलच असे नाही. फलकावर 100 डॉलरच्या नोटेचा भाव वेगळा आणि 20, 10, 5 च्या नोटांचा त्याहून कमी लिहिलेला असतो. नोट दुमडलेली, शाई लागलेली किंवा जुन्या छपाईची असेल तर गुमास्ता ती दिव्यापुढे धरून विनम्रपणे परत करतो. मुंबईत डॉलर घेतानाच कोऱ्या, मोठ्या नोटा मागून घेण्याचे कारण हेच.

एटीएमवर विसंबणाऱ्यानेही आकडेमोड करावी. थायलंडमधील बँका परदेशी कार्डावर दर वेळी 220 बाट किंवा त्याहूनही अधिक आकारतात. 2,000 बाट काढणाऱ्याला तो भुर्दंड शेकडा 11 पडतो, 20,000 काढणाऱ्याला 1.1. त्यावर आपल्या बँकेची आकारणी निराळी, आणि क्रेडिट कार्डाने रोकड काढली तर व्याज त्याच दिवसापासून. याखेरीज यंत्र मध्येच मोठ्या सौजन्याने विचारते की रक्कम रुपयांत आकारू काय? रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून आपला माणूस होकार देतो. वस्तुतः त्या होकाराने भाव ठरविण्याचा अधिकार तो त्या यंत्राच्या मालकाला देऊन बसतो. तेथे नकार द्यावा व स्थानिक चलनातच आकारणी घ्यावी. दुकानातही हाच नियम.

परतल्यावर 2,000 डॉलरपर्यंतच्या नोटा पुढील सफरीसाठी बाळगता येतात, त्यावरील नोटा 180 दिवसांत परवानाधारक पेढीत जमा कराव्या लागतात; शेजारी पुढच्या महिन्यात जाणार आहेत म्हणून रुपये घेऊन त्यांना डॉलर देण्याची जी घरोघरची चाल आहे, ती मात्र कायद्यात बसत नाही. उरली नाणी. ती कोणतीच खिडकी घेत नाही, आणि ती किती बाळगावीत यावर सरकारनेही मर्यादा घातलेली नाही. तेव्हा ती विमानतळावरच चहापाण्यात खर्चावीत, नाहीतर नातवाच्या डब्यात जाऊ द्यावीत.