हरला तो प्याला!

जगभरच्या पिण्याच्या खेळांत एक विचित्र गोष्ट आहे. ज्याच्यासाठी मंडळी जमलेली असतात, तेच हरणाऱ्याला शिक्षा म्हणून मिळतं. भेळ खायला जमलेल्या टोळक्यानं ‘हरलास तर भेळ खावी लागेल’ अशी अट घातलेली कुणी ऐकली आहे का? दारूच्या बाबतीत मात्र ही अट हजारो वर्षं बिनबोभाट चालत आली आहे.

इसवी सन ३५३ मध्ये चीनमधल्या लानथिंगला वांग शीझी या सुलेखनकारानं मित्र जमवले. सगळे वळणावळणाच्या ओढ्याकाठी बसले आणि वरच्या अंगानं पाण्यात मद्याचे पेले सोडले. पेला ज्याच्यापुढे थांबेल त्यानं तिथल्या तिथे कविता करायची. नाही सुचली तर दंड म्हणून तीन पेले! त्या दिवशीच्या कवितांना वांगनं जी प्रस्तावना लिहिली, ती चिनी सुलेखनाचा कळस मानली जाते.

ग्रीकांचा ‘कोटाबोस’ याहून अचाट. डाव्या कोपरावर रेलून, उजव्या हाताच्या बोटात पसरट पेल्याची कडी अडकवायची आणि मनगटाच्या झटक्यानं तळाचा गाळ असा भिरकावायचा, की उंच दांडीवर तोललेली चकती खणकन खाली पडावी. जिंकणाऱ्याला केक, कधी चुंबन. फरशी कोण पुसत असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.

आपणही मागे नव्हतो. कामसूत्रात शौकीन नागरकाच्या करमणुकींत गोष्ठी, म्हणजे रसिकांच्या बैठका, आणि सामूहिक खेळ यांच्या पंक्तीला ‘समापानक’, म्हणजे एकत्र पिणं, बसवलं आहे. वाशीम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची बरीच लेणी घडली. पहिल्या लेण्यात मान वर करून पाहा: छतावर टोप्या घातलेली परदेशी मंडळी पेले घेऊन रंगात बसली आहेत.

पण दारू हीच शिक्षा का? मला वाटतं, खेळ ‘नको’ म्हणायची सोयच काढून घेतो. एरवी हात आडवा करणाऱ्याचा मान राहतो. खेळात तोच माणूस रडका ठरतो. शिवाय शरीराचं गणित खेळाच्या विरुद्ध आहे. प्यालेली दारू रक्तात पुरती चढायला अर्धा ते दीड तास लागतो आणि यकृत तासाला जेमतेम तीस मिलीचा एक पेग निकालात काढतं. राज्य मात्र दर दोन-चार मिनिटांनी येतं. हरला तो प्याला, प्याला तो मंदावला, मंदावला तो पुन्हा हरला. आपण किती घेतली हे कळेपर्यंत आणखी तीन डाव झालेले असतात.

‘नको’ म्हणणं किती जड असतं, हे पाहायला मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला यावं. डेबूजी झिंगराजी जानोरकर इथे मामाकडे वाढला. बाप दारूपायी गेलेला. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू-मटण घालायचं, ही जातीतली रीत. घालणाऱ्याला सुटका नाही, घेणाऱ्यालाही नाही. डेबूजीनं गोडाचं जेवण वाढलं. तिथे खेळ नव्हता, तरी नियम तोच होता, आणि तो यजमानानंच मोडला.

हाच डेबूजी पुढे गाडगेबाबा झाला. मूर्तिजापुरात त्यानं गोरक्षण, धर्मशाळा उभी केली. त्याच्या कीर्तनाची रीत आठवा: बाबा वऱ्हाडीत प्रश्न टाकायचे, समोरचे हजारो लोक एका सुरात उत्तर द्यायचे, हसायचे, पुन्हा प्रश्न. राज्य प्रत्येकावर, शिक्षा कुणालाच नाही. माणसं एकत्र आली की त्यांना हवा असतो तो हा एका तालावरचा कल्ला, आणि त्यासाठी पेला लागत नाही.

तेव्हा यंदा वावरात रोडगे लावाल किंवा हुरडा भाजाल, तेव्हा खेळ जरूर खेळा. फक्त शिक्षा बदला. हरेल त्यानं विहिरीवरून पाण्याची घागर आणावी, आगीत पऱ्हाट्या घालाव्यात, नाहीतर बायकोच्या नावाचा उखाणा घ्यावा. आणि परतीची गाडी ज्याच्या हाती असेल, त्याला कुणी एक घोटही देऊ नका.