ट्रॅक्टरला टूलबॉक्स, तोही वेल्डिंगशिवाय

नांगरटीच्या ऐन वेळी लिंच पिन हरवली, तर पान्यासाठी व पिनसाठी घरापर्यंत खेप पडू नये म्हणून ट्रॅक्टरवर पत्र्याची लहान पेटी असणे सोयीचे ठरते. मात्र ती वेल्डिंगने जोडल्यास जोडाभोवतीचा रंग जळून गंज धरतो आणि बॅटरी न सोडवता काम केल्यास अल्टरनेटरला इजा पोहोचण्याचा धोका राहतो.

त्याऐवजी यू-बोल्ट, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली वाकवलेली सळई, वापरून पेटी मडगार्डच्या आधारपाइपला आवळता येते. मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की खडखडाट कमी होतो, तर आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे आट्यांना धरून राहणारा नायलॉक नट हादऱ्यांनी सहसा सुटत नाही. पाइप नसल्यास मडगार्डच्या मूळ बोल्टाच्या जागी त्याच व्यासाचा, त्याच आट्याचा आणि डोक्यावर तोच ग्रेड, उदाहरणार्थ 8.8, कोरलेला किंचित लांब बोल्ट घालून त्यावर पट्टी बसवावी.

ट्रॅक्टर उलटल्यास चालकाचे रक्षण करणाऱ्या संरक्षक कमानीला मात्र छिद्र पाडू नये, कारण त्याने तिची ताकद घटते. पेटी सायलेन्सर, पीटीओ शाफ्ट व लिफ्टच्या हालत्या दांड्यांपासून दूर ठेवावी, पाणी निथळण्यासाठी तिच्या तळाला दोन छिद्रे पाडावीत आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर सर्व नट पुन्हा आवळावेत.