एकसष्टाचा प्रश्न : साधर्म्य, प्रभाव आणि एक दशांकी संख्या

कोणत्या वर्गाला ६१ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा वर्गच येईल? भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त (इ. स. ११५०) चक्रवाल पद्धतीचे उदाहरण म्हणून हा प्रश्न येतो. उत्तर पूर्णांकांतच हवे. प्रश्न ६०विषयी असता तर ४ हे उत्तर सहज सापडते, कारण बेरीज ३१चा वर्ग होते. ६२विषयी असता तर ८ पुरतात आणि ६३चा वर्ग मिळतो. या दोहोंमधील ६१साठी मात्र लघुतम उत्तर २२,६१,५३,९८० आहे आणि त्यापासून मिळणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा आहे.

ही संख्या चाचपडत सापडणारी नव्हे. प्रारंभ अगदी साधा आहे : ६१मध्ये ३ मिळविले की ८चा वर्ग. चक्रवालाच्या एकाच फेऱ्यानंतर असे दिसते की, ६१ गुणिले ५चा वर्ग यातून ४ वजा केल्यास ३९चा वर्ग येतो. येथून ब्रह्मगुप्ताची 'भावना' (इ. स. ६२८), म्हणजे ज्ञात उत्तरांच्या संयोगातून नवे उत्तर घडविण्याची रीत, कामी येते. तिने ३,८०५ आणि २९,७१८ ही जोडी मिळते. येथे ४ऐवजी केवळ १ वजा करावा लागतो. या जोडीचा तिच्याशीच संयोग केला की काम संपले. या दोन संख्यांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे २२,६१,५३,९८०. आणि २९,७१८च्या वर्गाच्या दुपटीत १ मिळविला की ती दशांकी संख्या. एवढा अवाढव्य आकडा पाच-सहा ओळींच्या गणिताने हाती येतो, हे या पद्धतीचे खरे वैभव होय.

फेर्माने १६५७मध्ये फ्रेनिक्लला लिहिलेल्या पत्रात नेमका हाच ६१ पुढे केला. जोडीला १०९ होता. येथे तौलनिक अभ्यासकाला प्रभावाचा मोह पडणे स्वाभाविक आहे, विशेषतः 'बीजगणिता'चे फार्सी भाषांतर शहाजहानच्या काळातच झालेले असल्यामुळे. परंतु ते फेर्मापर्यंत पोहोचल्याचा कोणताही पुरावा नाही; इंग्रजी भाषांतरे तर १८१३ आणि १८१७ची. साधर्म्याचे कारण त्या संख्येतच आहे. शंभराच्या आतील सर्व संख्यांत ६१चेच लघुतम उत्तर सर्वांत मोठे आहे. कठीण उदाहरण शोधणारा कोणीही अखेर तेथेच येऊन ठेपणार. साहित्यातील आशयसूत्रांविषयी इतक्या निश्चयाने क्वचितच बोलता येते.

भेद आहे तो रचनाप्रकाराचा, आणि तो लहान नाही. फेर्माचा प्रश्न हे आव्हान आहे. रीत त्याने स्वतःपाशीच ठेवली. लवकरच ब्राउंकरने इंग्लंडातून उत्तराची रीत दिली, तीही स्पर्धेच्याच वातावरणात. भास्कराचार्यांचा प्रश्न पाठांतरासाठी पद्यात बांधलेला असून रीत त्याच्या आधीच सांगितलेली आहे. प्रत्येक वेळी उत्तर मिळेलच याची सिद्धता मात्र तेथे नाही. ती अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. 'बीजगणित' हा शिकविण्याचा ग्रंथ होता. चाळीसगावजवळील पाटण येथे आचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला, असे तेथील इ. स. १२०७च्या शिलालेखावरून कळते. लेखाचा प्रशस्तिभाग संस्कृतात आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकांकडून राजाला मिळणारे उत्पन्न मठाला दिल्याची नोंद मात्र मराठीत कोरली आहे.