बर्फाखाली काय चाललंय?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिल लॅक्स नावाचा तलाव आहे. विस्तार सुमारे 535 चौरस किलोमीटर, पण सगळ्यात खोल जागीही पाणी जेमतेम 13 मीटर. हिवाळ्यात तो गोठला की त्यावर झोपड्यांची वस्तीच वसते. माणसं गिरमिटानं बर्फात वीतभर रुंदीचं भोक पाडतात, गळ सोडतात आणि वाट पाहत बसतात. बहुतेकांना हवा असतो वॉलआय. या माशाच्या डोळ्यात मांजरासारखा प्रकाश परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंधुक उजेडातही त्याला छान दिसतं. वर बसलेल्या माणसाला मात्र भोकातल्या काळ्या पाण्याखेरीज काही दिसत नाही.

इथे बरीच वर्षं सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याचा ठाव घेणाऱ्या यंत्रावर, काम भागत आलं. खाली काहीतरी आहे आणि ते किती खोल आहे, एवढं सोनार सांगतो. तो वॉलआय की पर्च, हे त्याला खात्रीनं सांगता येत नाही. मासा आमिषापाशी येऊन नुसता थबकला आणि तोंड न लावता वळला, तर का वळला हेही कळत नाही. पाण्याखालच्या कॅमेऱ्याची खरी कमाई इथे आहे. मासा आमिषाला हुंगल्यासारखा जवळ येतो, गळ जोरात हलला की मागे सरतो, हळूच थरथरवला की परत फिरतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा हात पुढच्या वेळी आपोआप हलका पडतो.

मासा जगवण्याशीही याचा संबंध आहे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथून मासा झटकन वर ओढला की त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतला वायू दुपटीकडे फुगतो. वॉलआय आणि पर्च यांना तो चटकन बाहेर सोडता येत नाही. असा मासा लहान निघाला म्हणून पाण्यात परत सोडला, तरी तो वाचेलच असं नाही. नको असलेला मासा खालीच ओळखून गळ बाजूला घेणं त्याहून कितीतरी बरं. कॅमेरा घेण्याचं हे सर्वांत सबळ कारण मानायला हवं.

माशाचा आकार ओळखताना मात्र फसगत होते. पाण्यातून सपाट काचेमागच्या भिंगात शिरताना प्रकाश वाकतो आणि वस्तू साधारण सव्वापटीहून थोडी मोठी भासते. स्क्रीनवर दांडगा दिसलेला मासा वर आल्यावर मध्यम निघतो. यावर उपाय सोपा आहे : आमिषाची लांबी आपल्याला ठाऊक असते, मासा त्याच्याशेजारी आला की त्या मापानं मोजावा.

खरेदीला जाण्यापूर्वी पाणी तपासावं. 1865 मध्ये अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञानं पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजलं. ही पद्धत आजही वापरात आहे, आणि घरची पांढरी ताटली दोरीला बांधूनही ती करता येते. ताटली हातभर खोलीवरच गडप झाली, तर कितीही महागड्या कॅमेऱ्याला त्या पाण्यात फार लांबचं दिसणार नाही. उजनीच्या हिरव्या पाण्यावर किंवा पावसाळ्यातल्या कोकणच्या खाडीत ही चाचणी खर्च वाचवेल. उलट मिल लॅक्समध्ये 2005 साली झेब्रा शिंपले सापडले. पूर्ण वाढलेला एकेक शिंपला दिवसाला सुमारे लिटरभर पाणी गाळतो. नितळ पाणी कॅमेऱ्याला लाभतं, पण उजेड टाळणाऱ्या वॉलआयला ते मानवत नाही.

गढूळ पाण्यात कॅमेऱ्याचा दिवा लावला की प्रकाश गाळाच्या कणांवर आपटून भिंगात परततो आणि स्क्रीनवर नुसतं धुकं दिसतं. तिथे दिवा बंद ठेवलेलाच बरा. काही कॅमेऱ्यांत अवरक्त दिवे असतात. त्यांनी मासा बुजत नाही, पण पाणी ते किरण इतक्या लवकर शोषतं की हाता-दोन हातांपलीकडे त्यांचा उपयोग संपतो. लाल रंगही लवकर विरतो, म्हणून खोलवर लाल आमिष काळपट दिसतं. अंधुक पाण्यात काळं-पांढरं चित्र रंगीतपेक्षा ठळक दिसतं, तेव्हा निव्वळ रंगांसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. केबल मात्र तळापर्यंत पोचून थोडी उरेल इतकी हवीच.

कॅमेरा गळाच्याच भोकातून सोडू नये. मासा लागून झटापट करू लागला की दोरी केबलला गुंडाळते. तीन-चार फुटांवर दुसरं भोक पाडून, कॅमेरा तळाला टेकवून, हातभर वर उचलून, मग सावकाश फिरवत आमिष शोधावं. शेपटीसारखा पंख जोडला तर कॅमेरा गरगरत नाही.

उणे वीस अंशांच्या थंडीत ओलं भिंग बाहेर काढताच त्यावर बर्फ चढतो, म्हणून भोक बदलेपर्यंत कॅमेरा पाण्यातच राहू द्यावा. तलावाच्या तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास असतं, तिथे तो सुखरूप असतो. बॅटरीचे हाल वर होतात. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी एक अँपिअर खाणाऱ्या स्क्रीनला हिशेबानं सात तास पुरावी, पण थंडीत ती आधीच दम तोडते. थर्मोकोलच्या पेटीत ठेवली तर बराच फरक पडतो. लिथियमची असेल, तर गोठलेल्या अवस्थेत चार्जिंगला लावू नये, ती कायमची बिघडते. घरी आणून, खोलीतल्या उबेत सावकाश तापू द्यावी आणि मगच चार्जर जोडावा.