छोटी गाडी, आवाक्यातली शर्यत

जुन्या स्पोर्ट्स कारची शर्यत हा फक्त श्रीमंतांचा शौक नाही. बेडकाच्या डोळ्यांसारख्या दिव्यांची ऑस्टिन-हिली स्प्राइट हा त्याचा धडधडीत पुरावा. ब्रिटन आणि अमेरिकेतले हौशी चालक आजही ती शर्यतीत उतरवतात.

● जन्म : मे १९५८. पहिल्या रूपातली गाडी १९६१ पर्यंत बनली. सुमारे ४९ हजार गाड्या तयार झाल्या.

● इंजिन : ९४८ सीसी, सुमारे ४३ अश्वशक्ती, दोन एसयू कार्बोरेटर. ताकद कमी, पण वजन ७०० किलोंच्या आत, त्यामुळे वळणावर गाडी हुकमी.

● स्वस्त का? : इंजिन आणि स्टिअरिंग मॉरिस मायनरच्या घराण्यातले. १९६१ ची एमजी मिजेट तर हिची सख्खी बहीण. त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात.

● घरची दुरुस्ती : बॉनेट आणि मडगार्ड एकसंध, ते उचलले की अख्खे इंजिन समोर. इंजिन थंड असताना फिलर गेजची पाती सरकवून व्हॉल्व्हचे अंतर ०.०१२ इंच लावायचे. पाती किंचित अडत सरकली, की जमले!

● मानाचे पान : १९५९ च्या सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत आपल्या गटात पहिले तिन्ही क्रमांक.

● इथे काटकसर नको : हेल्मेट, आगरोधक पोशाख, रोल बार आणि सीटचे पट्टे. पट्ट्यांवरची मुदत संपली की ते बदलायचेच. रंगकाम पुढच्या वर्षी करता येते. जीव एकच असतो.